करीचा रस्सा आणि रात्रभराचा गंज

पोळा आठवड्यावर आला आहे. उमरेडच्या बाजारात झुली, बेगड, घुंगुरमाळा आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मांडले गेले आहेत. पोळ्याच्या दिवशी घरोघरी पुरणपोळी होईल, बैलाला नैवेद्य दाखवला जाईल आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, पहाटेपासून मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतील. नागपूरकडे त्याच दिवशी मारबत निघते. आमच्याकडे त्याच दिवशी चुलीवर गंज चढतो. या लेखात बोलायचे आहे ते त्या गंजातल्या रश्श्याबद्दल. मटणाविषयी फारसे बोलणार नाही, ते शिजतेच. करीच्या दिवसाची सगळी अब्रू रश्श्यात असते.

आरोग्याच्या सदरात मटणाच्या रश्श्याचे नाव निघाले की वाचकाला पुढचे वाक्य आधीच पाठ असते: तेल कमी करा, तिखट कमी करा, शक्यतो टाळा. मी तसे लिहिणार नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि माझे बालपण उमरेडच्या एका एकत्र कुटुंबात गेले. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की मला दिसते ते असे: आपण रश्श्यातल्या तर्रीला घाबरतो आणि तो रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवताना अजिबात घाबरत नाही. भीतीची जागा चुकली आहे.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. मी कॉलेजात असतानाची कर. मोठ्या आईच्या घरी आम्ही चोवीस-पंचवीस माणसे जमलो होतो. सात किलो मटण, मोठा जर्मनचा गंज, रात्री दहाला सगळे जेवून उठले तरी निम्मा गंज रस्सा उरला. मोठी आई म्हणाली, "राहू दे न तसाच, सकाळी भाकरीसंगं खाऊ. शिळा रस्सा अजून चांगला लागते." गंजावर ताट झाकले, ताटावर वरवंटा ठेवला, मांजराची सोय झाली. सकाळी साडेनऊला ज्यांना कॉलेजला, शेतावर, कामावर जायचे होते त्यांनी घाईघाईत कोमट करून तोच रस्सा खाल्ला. रात्री आठ-नऊपासून एकेकाच्या पोटात कळा सुरू झाल्या. ताप नाही, उलट्या जवळपास नाहीत, नुसती पोटात मुरड आणि जुलाब. अकरा जण आजारी पडले. दहा जण दीड दिवसात उठून बसले. अकरावी माझी आत्या. तिला आधीच साखरेचा त्रास होता, तिला तीन दिवस सलाईनवर ठेवावे लागले आणि पहिल्या रात्री आम्हाला खरोखर वाटले की ती जाते.

घरातला निकाल दुसऱ्या दिवशीच लागला: मटण खराब होते. मोठे बाबा दुकानात जाऊन भांडून आले. त्या दुकानातून पुढे नऊ वर्षे आमच्या घरात मटण आले नाही, आणि गाव लहान असल्यामुळे आमच्या नातेवाइकांकडेही आले नाही. त्या माणसाच्या धंद्याचे त्यामुळे किती नुकसान झाले असेल, याचा हिशेब आम्ही कधी केला नाही.

नंतर शिकायला लागल्यावर माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. करीच्या रात्री ते मटण पंचवीस जणांनी खाल्ले होते. त्यांतले चौदा ठणठणीत राहिले. आजारी पडलेले अकराच्या अकरा जण सकाळी पुन्हा जेवलेले होते. मटण खराब असते तर निवड अशी झाली नसती. आमच्या घरात कोणाची तपासणी झाली नाही, रश्श्याचा नमुना कोणी ठेवला नाही, म्हणून जंतूचे नाव छातीठोकपणे सांगता येत नाही. पण खाण्यापासून कळा येईपर्यंत दहा-बारा तास, ताप नाही, उलट्या नाहीत, दीड दिवसात उतार, आणि रात्रभर कोमट राहिलेले मांसाचे मोठे भांडे, हे वर्णन पाठ्यपुस्तकातल्या एका जंतूशी तंतोतंत जुळते. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स.

हा जंतू मातीत असतो, जनावरांच्या आणि माणसांच्या आतड्यात असतो, मसाल्यांवरही सापडतो. तो घरात येऊच नये असा बंदोबस्त शक्य नाही. त्याची खुबी अशी की परिस्थिती बिकट झाली की तो स्वतःभोवती कवच करून बीजाणू बनतो. हा बीजाणू उकळत्या रश्श्यात टिकून राहतो. उलट उकळीने दोन गोष्टी त्याच्या सोयीच्या होतात. पाण्यातला प्राणवायू निघून जातो, आणि या जंतूला प्राणवायू चालत नाही. शिवाय उष्णतेच्या धक्क्याने झोपलेला बीजाणू जागा होण्याच्या तयारीला लागतो. बाकीचे जंतू उकळीत मेलेले असतात, म्हणजे पंगतीत स्पर्धकही नाहीत. मग रस्सा पन्नास अंशांच्या खाली आला की याचा संसार सुरू होतो. साधारण १२ ते ५० अंश सेल्सिअस हा त्याचा वाढीचा पट्टा, आणि चाळिशीच्या वरच्या टप्प्यात तो दर दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होऊ शकतो. एकापासून सुरुवात केली तरी तीन तासांत अठरा दुपटी होतात, म्हणजे अडीच लाखांहून अधिक. रश्श्याच्या एका ग्रॅममध्ये दहा लाखांच्या आसपास जिवंत जंतू पोटात गेले की आतड्यात ते विष सोडतात आणि कळा येतात. चव बदलत नाही, वास येत नाही, बुडबुडे दिसतीलच असे नाही. "वास तर चांगला आहे" हा आपला घरगुती निकष इथे पूर्ण नापास होतो.

आता गंजाचा हिशेब करू. दहा-बारा लिटर रस्सा, जाड बुडाचा गंज, वर झाकण, पावसाळ्याच्या शेवटी स्वयंपाकघरात २९ अंशांच्या आसपास तापमान. रात्री दहाला गॅस बंद केला तर थंड होण्याच्या ढोबळ गणिताने पहाटे तीनच्या सुमारास रस्सा पन्नास अंशांवर येतो, सहाला चाळिशीच्या आसपास असतो आणि साडेनऊलाही पस्तिशीत असतो. म्हणजे सहा-साडेसहा तास त्या जंतूच्या मनासारखे. प्रयोगशाळेत हाच जंतू वाढवायचा असेल तर आम्ही मांसाचा अर्क घेतो, उकळून प्राणवायू काढतो आणि उबेच्या पेटीत ठेवतो. मोठ्या आईने वेगळे काही केले नव्हते.

इथे तर्रीचा एक मुद्दा येतो आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. आमच्याकडे समज असा की वर तेलाचा थर असला की खालचा रस्सा टिकतो, लोणच्यासारखा. लोणचे टिकते ते मीठ आणि आंबटपणामुळे. तेल तिथे बुरशीला हवा मिळू देत नाही एवढेच काम करते. रश्श्यात मीठ आणि आंबट दोन्ही जंतू रोखण्याइतके नसतात. वर तर्रीचा जाड थर असेल तर दोन उलट परिणाम होतात. वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे रस्सा आणखी सावकाश निवतो. आणि बाहेरची हवा आत मिसळत नाही, जे प्राणवायू नको असलेल्या जंतूला हवेच असते. त्यात खोबरे, खसखस घातलेला रस्सा दाट असेल तर आतल्या आत वर-खाली होणारे प्रवाहही मंदावतात आणि मधला भाग तासन्‌तास गरम राहतो.

मग जुन्या लोकांना काही होत नव्हते ते कसे, असे कोणीतरी विचारणारच. सगळ्यांनाच काही होत नव्हते असे नाही; "पोट बिघडले" म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी रात्री असतील. पण त्या काळच्या एका सवयीचे मला कौतुक वाटते. चुलीवरचा गंज उतरवला जात नसे. निखारे राखेखाली दाबून गंज वैलावर सरकवला जाई आणि रस्सा रात्रभर हळूहळू रटरटत राही. साठ अंशांच्या वर राहिलेल्या रश्श्यात हा जंतू वाढत नाही. गॅस आला, वैल गेला, निखारे गेले, आणि "रात्रभर गंज तसाच ठेवायचा" एवढाच अर्धा वारसा आपल्याकडे उरला.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. इंग्लंडात बेटी हॉब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये या जंतूमुळे होणाऱ्या अन्नविषबाधेवर सविस्तर काम प्रसिद्ध केले. त्यात मुख्य आरोपी होते आदल्या दिवशी शिजवून हळूहळू निवलेले मांस. अमेरिकेत या जंतूमुळे दरवर्षी सुमारे दहा लाख लोक आजारी पडतात असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे आणि त्याचे उद्रेक नोव्हेंबर-डिसेंबरात जास्त होतात. कारण तेव्हा त्यांचे सण असतात. आख्खी टर्की किंवा मांसाचा मोठा तुकडा भट्टीत भाजायचा, त्यातून गळलेल्या रसात पीठ परतून ग्रेव्ही करायची, आणि दिवसभर येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती तशीच टेबलावर ठेवायची. त्यांची ग्रेव्ही आणि आपला रस्सा यांत मसाल्याचा फरक असेल, पण जंतूला तो कळत नाही.

आता तर्रीकडे येतो, कारण तिची बदनामी मला पटत नाही.

रस्सा करताना आई सांगायची, "तेल सुटेपर्यंत मसाला भाज." हे वाक्य रसायनशास्त्राचे आहे. वाटलेल्या कांद्या-खोबऱ्यात पाणी असते. ते आहे तोवर कढईतला मसाला १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. पाणी उडाले की तेल वेगळे होऊन कडेने दिसू लागते आणि त्याच क्षणापासून तापमान चढते. १४० अंशांच्या पुढे प्रथिनांचे घटक आणि साखर यांची जी अभिक्रिया वेगाने होते, तिने तो तांबूस-काळा रंग आणि भाजका वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. निखाऱ्यावर भाजलेला कांदा, तव्यावर काळपट केलेले सुके खोबरे, हे सगळे तेच. सावजी रश्श्याचा काळसर रंग दगडफुलापेक्षा या भाजण्यातून जास्त येतो. करपू मात्र द्यायचे नाही. काळा आणि कोळसा यांत फरक आहे, कडवट लागले की हद्द ओलांडली असे समजावे.

मिरचीचा लाल रंग आणि तिचा झणका देणारे कॅप्सायसिन, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळपास नाही. म्हणून रश्श्यातला रंग आणि झणका वर येऊन तर्रीत बसतो. (आणि म्हणूनच ठसका लागल्यावर पाणी पिऊन भागत नाही, ताक प्यावे, त्यातले प्रथिन कॅप्सायसिनला धरून नेते.) याचा व्यवहारात उपयोग असा की चवीसाठी तर्री खूप लागत नाही. एक लहान पळी पुरते. लोक मात्र वाटीभर ओततात, कारण ती दिसायला देखणी असते.

हिशेब करून पाहा. एक किलो मटणाला पाव लिटर तेल घातले, आणि आमच्याकडे हे नेहमीचेच, तर ते साधारण २३० ग्रॅम झाले. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे दोन हजारांच्या वर. सहा जणांत वाटले तर माणशी साडेतीनशेच्या आसपास, फक्त तेलाच्या, आणि माणशी अडतीस ग्रॅम तेल. बेताचे काम करणाऱ्या माणसाला दिवसभराला पंचवीस-तीस ग्रॅम तेल-तूप पुरे होते. निम्म्या तेलात मसाला व्यवस्थित भाजला जातो, फक्त आच मंद ठेवून पंधरा मिनिटे जास्त हलवत बसावे लागते. जास्त तेल ही बहुधा वेळ वाचवण्याची युक्ती असते. रस्सा झाल्यावर वरची तर्री पळीने काढून वेगळ्या वाटीत ठेवा, ज्याला हवी तो घेईल. म्हाताऱ्यांच्या ताटात आपोआप कमी पडेल आणि पोरांचे तोंडही वाकडे होणार नाही.

पूर्वी विदर्भात हा रस्सा जवसाच्या तेलात होई. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ गटातले स्निग्धाम्ल असते, आणि हल्ली त्याची फार स्तुती चालते. स्तुती खरी आहे, पण ते तेल लवकर खवट होते आणि कडक आचेला टिकत नाही. जुन्या घरी ते घाणीवरून ताजे, थोडे थोडे यायचे. आज कुठल्यातरी दुकानात सहा महिने उन्हात उभी असलेली बाटली आणून त्यात मसाला भाजण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा जवस भाजून मसाल्यात वाटून घाला, रस्साही दाट होईल.

मिठाबद्दल कोणी बोलत नाही, मला मात्र तेलाइतकेच ते महत्त्वाचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. एक किलो मटण आणि दीड-दोन लिटर रस्सा यांना चवीपुरते म्हणून आपण पंचवीस-तीस ग्रॅम मीठ सहज घालतो. सहा जणांत दिवसाचा सगळा कोटा त्या एका जेवणात संपला. वर तयार मसाल्याच्या पाकिटात मीठ असते, ते कोणी वाचत नाही आणि अंदाजाने नेहमीचे मीठ घालतेच. पाकीट वापरत असाल तर त्यावरचा सोडियमचा आकडा पाहा आणि वरचे मीठ शेवटी, चव घेऊन घाला. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदय अशक्त होण्याचा आजार आहे त्यांनी रश्श्याची वाटी अर्धीच घ्यावी; त्यांच्या बाबतीत तेलापेक्षा मीठ आणि पाणी यांचा घोळ लवकर अंगाशी येतो.

आणि मिरची. उमरेडच्या शेजारचे भिवापूर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एवढी मिरची दाराशी असताना आपण लाल भडक पूड पाकिटातून आणतो याचे मला नवल वाटते. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या मिरची पुडीत सुदान नावाचा कृत्रिम रंग सापडल्याने युरोपात मोठी खळबळ उडाली होती. हा रंग कापड, मेण, पॉलिश अशा कामांचा, खाण्याचा नव्हे. आपल्याकडेही मिरची पुडीत कृत्रिम रंग घालायला मनाई आहे. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणजे मोबाइलवर फिरणारी "पुडी पाण्यात टाकून बघा" ही चाचणी त्याला पकडत नाही, आणि गंजात मात्र तो नेमका तर्रीत जाऊन बसतो. अख्खी मिरची आणून, देठ काढून, उन्हात कडक वाळवून ओळखीच्या चक्कीवरून दळून आणणे, याला पर्याय मला तरी ठाऊक नाही. मिरचीला बुरशीचा वास येत असेल तर ती फेकून द्या, भाजून चालवून घेऊ नका. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन भाजण्याने पुरते नष्ट होत नाही.

आता माझे मत. ज्या डॉक्टरमंडळींनी पेशंटला सरसकट "मटणाचा रस्सा बंद" असे सांगायची सवय लावून घेतली आहे, त्यांनी ती सोडावी. वर्षातून धुळवड, पोळ्याची कर आणि एखादे लग्नकार्य, एवढ्या रश्श्याने कोणाचा रक्तदाब घडत नाही आणि बिघडत नाही. बंदी घातली की माणूस घरी खात नाही, बाहेर खातो आणि सांगत नाही. करीच्या दिवशीही पार्सल आणण्याची पद्धत आता उमरेडमध्ये रुळली आहे. मला त्या भोजनालयांबद्दल आकस नाही. सावजी रस्सा हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला. उमरेडच्या रेशीमकाठी कापडाला एकेकाळी दूरवर मागणी होती, ती ओसरली, हातमाग बसले आणि त्या घरांतल्या हातांनी चुलीवर संसार उभे केले. त्या चवीला कष्टाचा इतिहास आहे. पण बाहेरच्या रश्श्यात तेल किती, मीठ किती, तर्री आजची की कालच्या तेलातली, हे खाणाऱ्याला कळायला मार्ग नाही. वापरलेल्या तेलात ठरावीक घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये असा नियम देशात २०१८ पासून आहे. ताटात पडलेल्या तर्रीकडे पाहून तो टक्का कोण सांगणार? घरच्या गंजात आपण काय घातले ते आपल्याला माहीत असते. आरोग्याच्या दृष्टीने घरच्या रश्श्याचा मोठेपणा एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

अट एकच, उरलेल्याचे काय करायचे ते जेवायला बसण्याआधी ठरलेले असावे. फ्रीज असेल तर जेवणे उरकल्या उरकल्या रस्सा मोठ्या परातीत किंवा पसरट, उथळ भांड्यांत काढावा, दोन बोटांपेक्षा खोल नको. परात गार पाण्याने भरलेल्या टबात ठेवावी, बर्फ असेल तर पाण्यात टाकावा, पळीने अधूनमधून हलवत राहावे. अर्ध्या-पाऊण तासात तो हाताला गार लागतो. मग लहान डब्यांत भरून फ्रीजमध्ये. आपल्याकडे भाद्रपदात घरातच एवढे तापमान असते की नुसता ओट्यावर ठेवलेला रस्सा कितीही वेळ गेला तरी सुरक्षित गारव्याला येत नाही. गरम गंज तसाच फ्रीजमध्ये कोंबू नये. आतला रस्सा निवत नाहीच, वर शेजारचे दूध तापते.

फ्रीजमध्ये सकाळी रस्सा थरथरीत गोठलेला दिसेल. घाबरू नका, ते हाडा-स्नायूंमधल्या कोलॅजेनचे जिलेटिन आहे, चांगल्या मंद आचेवर शिजवल्याची पावती. वर पांढरा थापा दिसेल ती बोकडाची चरबी. ती चमच्याने उचलून टाकायला याच्याइतकी सोपी वेळ नाही. शिळा रस्सा चांगला लागतो हे मोठ्या आईचे म्हणणे खरेच आहे, मसाला रात्रभरात मुरतो. तो फ्रीजमध्येही मुरतो.

खाताना जेवढा लागेल तेवढाच काढून खदखदून उकळावा, कोमट करू नये. परफ्रिन्जेन्सचे जिवंत जंतू उकळीत मरतात. पण रात्रभर बाहेर राहिलेला रस्सा सकाळी उकळला की प्रश्न मिटला, असे समजू नका. हाताच्या जखमेतून, नाकातून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे विष अन्नातच तयार होते आणि ते उकळूनही जात नाही. भातातल्या एका जंतूचेही तसेच आहे. करीच्या उरलेल्या भातालाही हेच नियम.

आणि फ्रीज नसेल, किंवा वीज जाते-येते असेल, तर उरवूच नका. रात्री नऊलाच शेजारी डबे पोचवा. सणाला गरम डबा नको म्हणणारा शेजारी अजून उमरेडमध्ये जन्मायचा आहे.

आत्या त्या आजारातून उठली, पुढे बरीच वर्षे जगली, पण करीला तिने पुन्हा रस्सा तोंडात घातला नाही. मटणवाल्याकडे मी नोकरी लागल्यावर एकदा गेलो. दुकानात त्याचा मुलगा बसत होता. मी सगळे समजावून सांगितले, बीजाणू वगैरे. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "बाबा हेच सांगून राहिले होते भाऊ, का रात्री खाल्लेल्यायले काहून नाही झालं?" मग त्याने विचारले, किती किलो द्यायचे. दोन किलो घेतले.

मोठी आई आता नव्वदीकडे झुकली आहे. करीला गंज तिच्याच देखरेखीखाली चढतो, मसाला भाजताना कोणी घाई केली तर ती अजून ओरडते. जेवणे झाली की मी परात आणि बर्फ घेऊन बसतो. ती खाटेवरून बघत असते. मागच्या वर्षी म्हणाली, "पाळण्यात घालून झोके दे आता त्या रश्श्याले." यंदा टब तिनेच आधी धुऊन ठेवायला सांगितला आहे.